मुलगी शिकेल, पण राहील कुठे?

(पिंगळी, जि. परभणी येथे बारावी झालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

मित्रमैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बुजुर्गांनो,

मी याच गावची. स्टेशनच्या रस्त्याला माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. इथल्या काही जणांच्या सायकलींचे पंक्चर त्यांनी काढलेले असतील. आज मला सांगितलं होतं की बारावीनंतर काय करायचं, यावर बोला. मी म्हटलं, कोणता कोर्स घ्यायचा हे तुमचा मोबाइल माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. मी वसतिगृहावर बोलते. राहायचं कुठे, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि आपल्या निम्म्या मुली तिथंच अडतात.

आधी माझीच गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकातली आहे. मी आणि माझी खालाजाद बहीण, दोघी एकाच वर्षी बारावी सायन्स पास झालो. तिला माझ्यापेक्षा एकोणीस मार्क जास्त होते. दोघींनी परभणीत बी.एस्सी.ला नाव घातलं आणि रेल्वेनं जाणं-येणं सुरू केलं. तुम्हाला माहीत आहे, परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन आपलंच. अंतर काहीच नाही. पण प्रॅक्टिकल पाच वाजता सुटायचं आणि संध्याकाळची गाडी तिच्या मर्जीनं यायची. पावसाळ्यात घरी पोहोचेपर्यंत अंधार व्हायचा. दोन पोरी अंधारात स्टेशनवरून येतात, हे हॉटेलात बसलेल्या लोकांनी पाहिलं. एक दिवस कुणीतरी अब्बांना दुकानावर येऊन म्हणालं, ‘भाई, जमाना खराब है.’ तेवढं पुरलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही दोघी घरी बसलो.

मग अम्मीनं परभणीत खोली शोधायचं ठरवलं. एका घरी पाटी होती, ‘खोली भाड्याने देणे आहे’. मालकीणबाईंनी पाणी दिलं, गप्पा मारल्या, आमचं मराठी ऐकून खूश झाल्या. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाल्या, ‘अहो, खोली तर कालच गेली.’ पुढे महिनाभर ती पाटी तिथंच होती. तुमच्यापैकी जे पुण्यात, संभाजीनगरात किंवा मुंबईत खोली शोधून आले आहेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

शेवटी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाल्याचं कळलं. अब्बा नाहीच म्हणत होते. अम्मी म्हणाली, ‘मैं देखके आती.’ ती माझ्याबरोबर आली. तिनं काय काय पाहिलं, ते मला आजही आठवतं. बाथरूमची कडी आतून लागते का, हे तिनं स्वतः आत जाऊन लावून पाहिलं. फाटक किती वाजता बंद होतं, किल्ली कुणाकडे असते, हे विचारलं. मुलगी बाहेर गेली तर वहीत काय लिहितात, ती वही उघडून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला वाचायला लावलं. स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा उघडला. रेक्टरबाईंशी तासभर बोलली. परत येऊन अब्बांना एवढंच म्हणाली, ‘ताला है, पानी है, और बाई अच्छी है.’

मी परत शिकायला गेले. खाला काही वसतिगृह बघायला आल्या नाहीत. बहिणीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. ती आजही माझ्यापेक्षा हुशार आहे. मुलाच्या दुकानाचा जीएसटीचा हिशोब ती तोंडी सांगते आणि सीए नंतर तोच आकडा काढतो. तिला एकोणीस मार्क जास्त होते आणि मला एक खाट मिळाली. आमच्या दोघींच्या आयुष्यात एवढाच फरक आहे.

म्हणून मी वसतिगृहाला शिक्षणाची ‘सोय’ म्हणत नाही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत ते शिक्षणाचं दार आहे. हे माझ्या आधी फार मोठ्या माणसांना कळलं होतं. त्यांची थोडी माहिती घेऊ.

सर सय्यद अहमद खान १८६९मध्ये इंग्लंडला गेले. मुलगा सय्यद महमूद केंब्रिजला शिकणार होता. तिथं त्यांनी पाहिलं की विद्यापीठ म्हणजे केवळ वर्ग आणि परीक्षा नव्हे. विद्यार्थी कॉलेजातच राहतात, शिक्षकांसोबत जेवतात, वाद घालतात, खेळतात. परत आल्यावर २४ मे १८७५ला त्यांनी अलीगढला मदरसा सुरू केला. ८ जानेवारी १८७७ला मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली आणि १९२०मध्ये त्याचं अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झालं. या कॉलेजच्या नकाशात मुलांच्या राहण्याच्या खोल्यांना वर्गांइतकाच मान होता. पक्क्या विटांच्या खोल्या ती पक्की बारक, कच्च्या बांधकामाची ती कच्ची बारक. ही नावं तिथं अजून ऐकू येतात. पैसे जमवायला सर सय्यद उतारवयात स्टेजवर उभे राहिले. शरीफ घरचा माणूस नाटक करतो म्हणून लोक हसले. ज्यांनी पैसे दिले, त्यांची नावं भिंतींवर कोरली गेली. आणि एक गोष्ट आपल्या मुलांनी लक्षात ठेवावी. या कॉलेजचा पहिला पदवीधर होता ईश्वरी प्रसाद. मुसलमानांनी काढलेलं कॉलेज पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुलं होतं.

आजही अलीगढची घडण ‘हॉल’वर उभी आहे. एका हॉलमध्ये अनेक वसतिगृहं. वर एक प्रोव्होस्ट, त्यांच्या हाताखाली वॉर्डन. प्रत्येक हॉलला जेवणघर, वाचनखोली, कॉमन रूम. जो विद्यार्थी शहरात घरी राहतो, त्याचंही नाव कुठल्या तरी हॉलला जोडलेलं असतं. म्हणजे तू कुठल्या विभागाचा हे नंतर, तू कुठल्या घरचा हे आधी.

पण सर सय्यद यांच्याबद्दल दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या माणसाबद्दल अर्धं सांगणं ही बेइमानी आहे. मुलींच्या शाळेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं, की आधी मुलगे शिकू देत, त्यांच्यामागून मुलींचं शिक्षण आपोआप येईल. आपोआप काही आलं नाही. ते काम त्यांच्याच कॉलेजातून वकील होऊन बाहेर पडलेल्या शेख अब्दुल्ला यांनी आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी केलं. १९०६मध्ये त्यांनी अलीगढ शहरात मुलींची लहानशी शाळा काढली. मुली पडदा लावलेल्या डोलीतून यायच्या, कहार डोली उचलायचे. पण डोली शहरातल्या शहरात चालते. दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी कशी येणार? म्हणून वसतिगृह बांधायचं ठरलं. १९१४मध्ये भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या हस्ते ते सुरू झालं.

त्या काळातला विचार करा. खानदानी मुसलमान घरातली मुलगी लग्नाआधी परक्या गावात, परक्या छपराखाली रात्र काढणार! लोकांनी नावं ठेवली. सुरुवातीला मुली मिळाल्या त्या बहुतेक नात्यातल्या आणि ओळखीच्या घरच्या. वहीद जहाँ बेगम यांनी यावर एकच उपाय केला. त्या स्वतः मुलींची आई होऊन त्या वसतिगृहाच्या कामात उतरल्या. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणायच्या आणि शेखसाहेबांना ‘पापा मियाँ’. तेव्हा लोकांचा भरवसा बसला तो इमारतीवर नव्हे, आत राहणाऱ्या बाईवर. माझ्या अम्मीला वहीद जहाँ बेगम हे नावही माहीत नव्हतं. पण ‘बाई अच्छी है’ म्हणताना तिनं तीच परीक्षा घेतली होती.

त्या शाळेचं पुढे महिला महाविद्यालय झालं आणि ते विद्यापीठाचा भाग बनलं. मुलींच्या त्या निवासाला आज अब्दुल्ला हॉल म्हणतात. या परिसरात शिकलेल्या मुलींत डॉक्टर आणि लेखिका रशीद जहाँ होत्या. त्या शेखसाहेबांच्याच कन्या. इस्मत चुगताई होत्या. दोघींचं लिखाण वाचून पुढे पुष्कळ लोक चिडले. शिकलेली मुलगी विचार करू लागते, आणि तो विचार दर वेळी आपल्याला आवडेलच असं नाही. हा धोका पापा मियाँना ठाऊक नव्हता असं मला वाटत नाही. तरी त्यांनी दार बंद केलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. परभणी निजामाच्या राज्यात होती. आपल्या पणजोबांच्या काळात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. १९१८मध्ये स्थापन झालं आणि शिकवण्याची भाषा उर्दू. मराठवाड्यातून तिथं गेलेला मुलगा वसतिगृहातच राहायचा. वसतिगृह ही नुसती झोपायची जागा नाही, हे निजामाच्या सरकारला चांगलं कळलं होतं. १९३८मध्ये तिथल्या हिंदू विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या प्रार्थनेत वंदे मातरम म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, मुलांनी ऐकलं नाही, तेव्हा आधी त्यांना वसतिगृहातून काढलं आणि मग विद्यापीठातून. नागपूर विद्यापीठानं त्यांना जागा दिली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक मुलगा होता, तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. ज्याला गप्प करायचं, त्याची आधी खाट काढून घ्यायची, हे सत्तेला तेव्हाही माहीत होतं. सत्ता आपल्या धर्माच्या माणसाची होती म्हणून हा अन्याय आपण नजरेआड करू नये.

तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी दुसरा धडा शिकून घेतला. १८९६मध्ये त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. दार सगळ्यांना खुलं होतं, पण बहुजनांची मुलं आत यायला बिचकत होती. तेव्हा १९०१पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग उभं राहू लागलं. मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०६मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली. मुसलमानांतून पुढाकार घेणारं कुणी मिळेना, तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. हिंदू राजा मुसलमान मुलांच्या बोर्डिंगचा अध्यक्ष! आपल्या किती शाळकरी मुलांना हे माहीत आहे?

आणि आपल्या मराठवाड्यात १९५०मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात कॉलेजबरोबर वसतिगृहं आली. खेड्यातल्या दलित मुलाला शहरात खोली कोण देणार, हे बाबासाहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती. बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा ते स्वतः राहायला जागा मिळवण्यासाठी वणवण फिरले होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आठ वर्षं नागसेनवन आलं. त्या आवारातून किती लेखक, किती अधिकारी, किती कार्यकर्ते बाहेर पडले, हे मोजायला एक वेगळी सभा लागेल.

आपल्या उशाशी असलेलं कृषी विद्यापीठ विसरू नका. १८ मे १९७२ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. शेतीचं शिक्षण घरून ये-जा करून होत नाही, कारण पीक घड्याळ पाहून वाढत नाही. मुला-मुलींची वसतिगृहं त्या आवारातच आहेत. शेवटच्या वर्षाची मुलं-मुली कार्यानुभवासाठी आसपासच्या खेड्यांत जातात, शेतकऱ्याच्या बांधावर उभ्या राहून बीजप्रक्रिया समजावतात. तुम्ही त्यांना पाहिलं असेल. दुसऱ्याची मुलगी आपल्या शिवारात येऊन काम करते तेव्हा आपण तिला ‘ताई, पाणी घ्या’ म्हणतो. आपली मुलगी दुसऱ्याच्या गावात जायची म्हटलं की मात्र जमाना खराब होतो.

आता कामाचं बोलू. वसतिगृह पाहायला जाल तेव्हा काय पाहाल? माझ्या अम्मीची यादी मी थोडी वाढवली आहे.

पाणी चोवीस तास आहे का, आणि उन्हाळ्यात असतं का? मे महिन्यात परभणीत राहिलेल्या एखाद्या मुलीला विचारा. खोलीत किती जणी राहतात, प्रत्येकीला कुलपाचं कपाट आहे का? रात्री आजारी पडली तर कोण नेतं, कुठे नेतं? रेक्टर तिथंच राहतात की संध्याकाळी घरी जातात? वाचनखोलीत रात्री दिवा असतो का? तक्रार कुणाकडे करायची, हे भिंतीवर लिहिलेलं आहे का? मेसचं पुस्तक कोण तपासतं, त्यात मुली असतात का? आणि शेवटचं, आत राहणाऱ्या मुली तुमच्याशी मोकळेपणी बोलतात की रेक्टरकडे बघून बोलतात? इमारत कशी आहे, हे त्यावरून कळतं.

‘वहाँ बच्ची बिगड़ती’ असं म्हणतात, त्याला मी उत्तर देते. मी तीन वर्षं राहिले. माझी खोलीतली मैत्रीण जिंतूरकडची, मराठा घरची. पहिल्या रमजानमध्ये मी उठणार कशी, या काळजीनं तिनं तिच्या घरून गजराचं घड्याळ आणलं. सहरीला ती माझ्याआधी उठायची. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या काकू रात्रीच माझ्यासाठी दोन भाकरी आणि भाजी डब्यात झाकून ठेवायच्या. तिच्या उपवासाला मी साबुदाणा भिजवायची आणि नेहमी जास्त पाणी घालायची. घरात राहिले असते तर मला हे कुठे मिळालं असतं? आणि ज्या मालकीणबाईंनी मला खोली दिली नाही, त्यांच्या मुलीला माझ्यासारखी एखादी मैत्रीण मिळाली असती, तर पाटीखाली उभ्या असलेल्या पुढच्या अम्मीला कदाचित खरं उत्तर मिळालं असतं.

आपल्यातले काही तरुण विचारतात, मग मुसलमान मुलींसाठी वेगळं वसतिगृह हवं की सगळ्यांत मिसळून? मी शाहू महाराजांचं उदाहरण त्यासाठीच दिलं. जिथं मुलगी घराबाहेरच पडत नाही, तिथं आधी पाय ठेवायला जागा हवी. ती वेगळी असली तर असू द्या. पण ती पायरी आहे, कुंपण नाही. अल्पसंख्याकांसाठी बांधलेल्या वसतिगृहात दुसऱ्या समाजाच्या मुली आल्या तर त्यांना जागा द्या, आणि सर्वसाधारण वसतिगृहात आपल्या मुलींनी हक्कानं अर्ज करावा. दोन्ही दारं वापरा.

सच्चर समितीनं २००६च्या अहवालात हेच लिहिलं आहे. वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्केसुद्धा नव्हते, एकूण लोकसंख्येत ते प्रमाण सुमारे सात होतं. उपाय सांगताना समितीनं म्हटलं की परवडणारी वसतिगृहं प्राधान्यानं हवीत, आणि मुस्लिम मुलींना त्यांची गरज तालुक्यासारख्या लहान गावांत सर्वांत जास्त आहे. त्यानंतर अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांची जी यादी झाली, त्यात महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा होते. म्हणजे सरकारी कागदावर आपलं नाव आहे. कागदावरचं नाव इमारतीपर्यंत नेणं हे नागरिकांचं काम. त्यासाठी अर्ज, माहितीचा अधिकार, ग्रामसभेचा ठराव, आमदारांच्या दारात चार फेऱ्या, एवढं करावं लागतं. मोर्चाच काढायला हवा असं नाही.

पैशाचं सांगते. २०२४पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्यातले बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी, मोमीन ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला, पडताळणी, नॉन क्रीमिलेअर हे कागद निकालानंतर काढायला बसलात तर प्रवेश संपलेला असतो. आजच सुरुवात करा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तीही पाहा. पण माफीनं फी गेली, तरी खाट राहतेच. अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याची मेस आधी भरावी लागते, भत्ता नंतर येतो. त्या मधल्या तीन-चार महिन्यांतच मुली घरी परततात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. गावातल्या चार आयांनी मिळून परभणीतली मुलींची वसतिगृहं पाहून यावं. मी बरोबर येईन. बापांनी नंतर यावं, आधी आयांनी. दुसरी, अनामतीसाठी गावात एक लहानसा बिनव्याजी फंड करा. कर्जे हसनाची आपल्याकडे रीत आहेच, ती मुलींच्या खाटेसाठी वापरा. हिशोब दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर वाचा, आणि मदत देताना मुलीची जात-धर्म विचारू नका. तिसरी विनंती तरुण मुलांना. बहीण वसतिगृहात जाते म्हटल्यावर हॉटेलात कुणी काही बोललं, तर गप्प बसू नका. माझ्या अब्बांना त्या दिवशी एक माणूस येऊन बोलून गेला. दुसऱ्या बाजूनं बोलणारा एकही माणूस दुकानावर आला नाही.

काल रात्री मी ज्या घरी उतरले, तिथली मुलगी यंदा बारावी झाली आहे. तिनं मला हळूच विचारलं, ‘खाला, तुम्ही दादांशी बोलाल का?’ ते दादा आत्ता समोरच बसलेले आहेत. मी त्यांचं नाव घेत नाही. दादा, परवा सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही काही जणी परभणीला वसतिगृह बघायला निघणार आहोत. तुमच्या सूनबाईंना पाठवा. त्यांनी कडी लावून बघावी, पिठाचा डबा उघडावा, बाईंशी बोलावं. मग त्या येऊन जे सांगतील, ते ऐका.